नव्या कंपूत शिरताना काय घालायचं : शिलाई मशीनवरून सांगितलेल्या पायऱ्या

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या मागे एका गल्लीत माझं ऑल्टरेशनचं दुकान आहे. एक शटर, दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि इस्त्रीचं टेबल. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की घनसावंगी, परळी, सेलू, औंढा अशा कुठून कुठून आलेली पोरंपोरी पिशवी घेऊन दारात उभी राहतात. कोणाला पँटची मोहरी कमी करून हवी असते, कोणाला वाढवून. कोणी टी-शर्टच्या बाह्या कापायला सांगतं, कोणी जॅकेटच्या पाठीवर पॅच लावून मागतं. माप देऊन झालं की जाता जाता थांबतात आणि विचारतात, "मावशी, हे शोभेल ना? म्हणजे त्या लोकांत गेल्यावर?"

ते लोक प्रत्येकाचे वेगळे. कोणी संध्याकाळी मैदानावर ब्रेकडान्स करणाऱ्यांत जायला लागलेला असतो, कोणी रॅप लिहिणाऱ्यांत, कोणी मेटल म्हणजे जड, जोरकस रॉक संगीत ऐकणाऱ्यांत, कोणी रविवारी बुलेट काढून म्हैसमाळच्या घाटात जाणाऱ्यांत. एखादी पोरगी यंदा पहिल्यांदाच पैठणहून दिंडीत चालणार असते. अभ्यासक याला उपसंस्कृती म्हणतात, मी साधं कंपू म्हणते. प्रश्न सगळ्यांचा एकच: आपण तिथले वाटलो पाहिजे आणि नकली वाटता कामा नये. बारा वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी कात्री हातात धरून, उभ्या उभ्या देत आलेय. आज बसून नीट लिहिते.

पायरी पहिली : पहिले पाच-सहा वेळा आहे तेच घालून जा

नवीन काही विकत घेऊ नका. एक साधा, काही न छापलेला टी-शर्ट किंवा कॉटनचा कुर्ता, रोजची जीन्स, धुतलेले बूट. एवढ्यावर कुठल्याही कंपूत पहिल्यांदा जाता येतं. साधे कपडे घालून आलेल्या नवख्याला आजवर कोणी हाकलल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट पहिल्याच दिवशी नखशिखांत तयारी करून गेलेले पंधरा दिवसांत यायचे बंद झालेले मात्र पाहिलेत.

याचं कारण मला एका मेटलवाल्या पोरीनं सांगितलं. समोरच्याच्या अंगावर एखाद्या बँडचं नाव दिसलं की ती लगेच जाऊन विचारते, "यांचं कुठलं गाणं आवडतं?" ती परीक्षा घेत नसते. अख्ख्या जिल्ह्यात ते गाणं ऐकणारी पाच-दहा माणसं, त्यातलं एक आज भेटलं, या आनंदानं ती धावत आलेली असते. समोरचा म्हणतो, "नाही, मला डिझाइन आवडलं म्हणून घेतला." तिचा चेहरा पडतो, त्याचाही पडतो. ही ओशाळवाणी वेळ साध्या टी-शर्टवर कधीच येत नाही.

या पाच-सहा वेळांत बघायचं काय? सगळ्यात भडक कपडेवाल्याकडे बघू नका, सगळ्यात जुन्या माणसाकडे बघा. त्याचे कपडे कुठं झिजलेत ते बघा. ब्रेकडान्सवाल्याची जॉगर गुडघ्याला आणि एका बाजूच्या मांडीला घासलेली असते, कारण तो त्याच बाजूनं जमिनीवर उतरतो. बुलेटवाल्याच्या डाव्या बुटावर, चवड्यापाशी, गिअरचा चट्टा पडलेला असतो. दिंडीतल्या माउलीच्या सदऱ्याचा उजवा खांदा पताकेच्या काठीनं विरलेला असतो. हे चट्टे कुठल्या दुकानात मिळत नाहीत. माणूस तिथं काय करतो ते मात्र ते तुम्हाला एका नजरेत सांगतात.

पायरी दुसरी : प्रत्येक कपड्याला त्याचं काम विचारा

माझं सगळं म्हणणं या पायरीत आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. कंपूची म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक वस्तू सुरुवातीला कुठल्या तरी कामासाठी, कोणाच्या तरी अडचणीतून जन्मलेली असते. ते काम कळलं, की ती वस्तू आपल्याला हवी की नको हे आपोआप कळतं.

जीन्सचंच घ्या. ही आमच्या धंद्यातल्या माणसाची करामत, म्हणून मला तिचा अभिमान आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराच्या बायकोनं त्याला सांगितलं, नवऱ्याची पँट सारखी फाटते, काहीतरी टिकाऊ शिवून द्या. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथं ताण येतो तिथं, तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंट काढायला पैसे नव्हते म्हणून त्यानं आपल्याला कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला सोबत घेतलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावावर पेटंट झालं. आजही जीन्सचे खिसे बघा, रिव्हेट तिथंच आहे. आणि छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्याला पट्टे असलेल्या पँटला डंगरी म्हणतात तो शब्द तर आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलेला, तिथं विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून. डोक्याला गुंडाळतात त्या रुमालाचं बंडाना हे नावही आपल्याच बांधणीवरून, कापड बांधून रंगवण्यावरून, आलेलं.

लेदर जॅकेट. तिरकी चेन असलेलं, मोटारसायकलवाल्यांचं म्हणून ओळखलं जाणारं जॅकेट न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीनं १९२८ मध्ये काढलं. चेन तिरकी असली की वाकून गाडी चालवताना पोटाशी गोळा होत नाही, वारं आत शिरत नाही. आणि चामड्याचं खरं काम पडल्यावर कळतं: डांबरावर घासत गेलात तर आधी जॅकेट सोललं जातं, तुमची कातडी नंतर. म्हणजे बुलेटवर लांब जाणाऱ्याला ते लागतंच. शहरातल्या शहरात निराला बाजारात चहाला जाणाऱ्याला लागत नाही.

जाड तळाचे, उंच, पिवळ्या टाक्याचे डॉक्टर मार्टेन्स बूट घ्या. इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा १ एप्रिल १९६० ला बाजारात आले, म्हणून त्या मॉडेलचं नावच १४६०. ते घ्यायचे कोण, तर पोस्टमन, कारखान्यातले कामगार, दिवसभर उभं राहणारी माणसं. पंक नावाचं रॉक संगीत ऐकणाऱ्यांनी ते उचलले पुढं.

मेटल संगीताचा काळा रंग, चामडं, लोखंडी खिळे हे सगळं बघून आपल्याकडची मोठी माणसं घाबरतात. पण हे संगीत आलं कुठून? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून, कारखान्यांच्या गावातून. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचाच हात. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही केल्या आणि तो जड, खोल आवाज निघाला. ही हकिकत मी मेटल ऐकणाऱ्या एका पोराच्या आईला सांगितली. वाळूजच्या कंपनीत प्रेस मशीनवर तिच्या भावाची दोन बोटं गेलेली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मंग आयकू दे त्याला."

रॅप आणि ब्रेकडान्स ज्यात येतात त्या हिपहॉपची तर सुरुवातच कपड्यांपायी. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं इमारतीतल्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली, कारण शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. गाणी वाजवायला होता तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज हीच तारीख धरतात. तेव्हा एखादी पोरगी शाळेसाठी चांगला ड्रेस हवा म्हणून हट्ट करत असेल, तर मला त्यात उथळ काही दिसत नाही. ब्रेकडान्सवाले ढगळ पँट घालतात ती पाय मोकळे फिरावेत म्हणून, आणि नायलॉनचा ट्रॅकसूट घालतात तो जमिनीवर घसरायला सोपा म्हणून.

आता हाच प्रश्न आपल्या घरच्या वस्तूंना विचारा. खांद्यावरचं उपरणं किंवा रुमाल काय काम करतो? घाम पुसतो, उन्हात डोक्याला बांधला जातो, भाकरी बांधून नेतो, झाडाखाली उशाला येतो. घोंगडी पाऊस झेलते आणि रात्री अंथरूण होते. नऊवारीचा कासोटा रानात वाकून काम करणाऱ्या बाईसाठी आहे. अमेरिकेतल्या शिंप्यानं जे केलं तेच आपल्या आज्यांनी केलं, फक्त पेटंट कोणी काढलं नाही.

काम कळलं तरी एक गोष्ट राहते, ती मला अनुभवानं शिकावी लागली. पहिल्यांदा दिंडीत गेले तेव्हा मोठ्या हौसेनं नवं इरकल लुगडं घेतलं होतं. एरवी मी पंजाबी ड्रेस घालणारी. दुसऱ्याच दिवशी नव्या कापडाच्या कडक काठानं मांड्या सोलून निघाल्या. पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. मुक्कामाला शेजारच्या आजीनं बघितलं, काही न बोलता आपल्या वळकटीतून एक जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातात घेतल्यावर वजनच लागेना. "हे नेस माय. नवं लुगडं वारीत नेसत नसतेत, आधी चार महिने घरात नेसावं लागतंय," आजी म्हणाली. पुढची सगळी वाट मी आजीच्या लुगड्यात चालले. माझं नवं लुगडं तसंच घडी राहिलं, आणि पुढचं वर्षभर मी ते घरात, दुकानात नेसत राहिले. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: लांबच्या प्रवासाला, स्पर्धेला, पहिल्या कार्यक्रमाला नवीन वस्तू घालून जाऊ नका. बूट असो, जॅकेट असो, लुगडं असो, आधी घरात जुनं करा.

पायरी तिसरी : माळ कोणती आणि सोंग कोणतं, ते ओळखा

काही गोष्टी हौसेनं घालता येतात, काही घेता येतात फक्त वचन देऊन. हा फरक मराठवाड्याच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे "तो माळकरी आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं: मटण-दारू सोडली, एकादशी धरली, पंढरीची वारी धरली. तुळशीची माळ शंभर ठिकाणी विकत मिळते, पण माळ घातली असं कधी म्हणायचं ते आपल्याला ठाऊक असतं. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ तशीच. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात निळा चोला आणि उंच दुमाला म्हणजे पगडी बांधलेले निहंग शीख दिसतात, तो तर त्यांच्या दीक्षेचा भाग. या गोष्टी फोटोपुरत्या अंगावर चढवू नका. कोणी अडवणार नाही कदाचित, पण ज्यानं त्यासाठी आयुष्य लावलंय त्याला ते लागतं.

सोंगाला आपल्याकडे वेगळा मान आहे. बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात येतो, सगळ्यांना माहीत असतं की हे सोंग आहे, आणि चांगलं वठलं तर आपण त्याला हसून पैसे देतो. कॉलेजच्या कार्यक्रमात एक दिवस रॉकस्टार व्हायचंय, खुशाल व्हा. सोंग म्हणून केलं तर त्यात कोणाची फसवणूक नाही. त्रास होतो तो सोंगाला माळ म्हणून मिरवल्यावर.

परक्या वाटणाऱ्या कंपूंतही माळ असते, फक्त आपल्याला ओळखू येत नाही. मेटलवाल्यांची बिनबाह्यांची डेनिमची कुट्टी, तिच्यावर बँडचे पॅच शिवलेले असतात. जुन्या माणसाला विचारा, तो एकेका पॅचची गोष्ट सांगेल: हा पुण्यात कार्यक्रम बघितला तेव्हाचा, हा मित्र बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा त्यानं दिलेला. बुलेटच्या काही ग्रुपमध्येही पाठीवरचा बिल्ला ठरावीक प्रवास पूर्ण केल्यावरच मिळतो. विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा चौदा पॅच घेऊन आला, सगळे एकाच पाकिटातले, ऑनलाइन मागवलेले. मी म्हणलं, "दोन-तीन लाव बाळा, बाकीचे ठेवून दे." तो ऐकेना. चौदाच्या चौदा लावून दिले, पक्क्या टाक्यात, चारी बाजूंनी. साधारण तीन महिन्यांनी तो परत आला. "मावशी, अकरा काढायचेत." मी काही विचारलं नाही. उसवायचं हत्यार घेतलं आणि तो समोर स्टुलावर बसला. पॅच निघेल तसं खालचं डेनिम दिसायला लागलं, आजूबाजूला फिकं आणि पॅचच्या जागी गडद निळं, कडेनं सुईची भोकं. मला वाटलं तो हिरमुसेल. तो बोट फिरवत एकेका चौकोनाकडे बघत होता. मी म्हणलं, भोकं दोन-तीन धुण्यांत बऱ्यापैकी भरतील, रंग मात्र तसाच राहणार. तो म्हणाला राहू द्या. परवा येऊन गेला, त्यातले चार चौकोन भरलेत आता.

पायरी चौथी : पहिली खरेदी एकच, आणि ती पायात

सहा-सात वेळा जाऊन आलात, तरी जावंसं वाटतंय, मग एक वस्तू घ्या. माझ्या मते बूट किंवा चप्पल. कपडा ढगळ असला तरी निभावतं, पण चुकीच्या बुटात नाचलात तर घोटा जातो आणि चाललात तर फोड येतात. नाचणाऱ्याला सपाट, हलका, पकड असलेला तळ हवा. गाडी चालवणाऱ्याला घोटा झाकणारा बूट हवा. चालणाऱ्यानं अर्धा नंबर मोठी जोडी घ्यावी, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, आणि ती आधी घरात वापरून रुळवावी.

पांढऱ्या स्नीकर्सबद्दल एक सांगून ठेवते. आपली जमीन काळी. पावसाळ्यात गावी गेलात आणि बांधावर एकदा पाय टाकलात, की बुटाला शेर-शेरभर चिखल चिकटतो आणि शिलाईच्या फटीत गेलेली काळी माती काही केल्या निघत नाही. गावी जाण्यासाठी वेगळी जोडी ठेवा.

खरेदीला घाई नको. रविवारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात जा, लातूरकरांनी गंजगोलाईत, नांदेडकरांनी वजिराबादेत एक चक्कर नुसती बघायला मारावी. कपडा हातात घेतला की आतून उलटा करून बघा. शिलाई सरळ आहे का, दोन्ही अंगांना दाब, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडलाय का, ओढल्यावर टाका उघडतो का. दाब असेल तर आम्ही पुढं वाढवून देऊ शकतो, नसेल तर मशीनवर बसलेला कोणीही काही करू शकत नाही.

पायरी पाचवी : उन्हाचा हिशोब

यातले बहुतेक पोशाख थंड मुलखात जन्मले आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. तेव्हा जसंच्या तसं उचलू नका.

टी-शर्टच्या कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं, सांगतात. १६० ते १८० जीएसएमचा कॉटन टी-शर्ट आपल्या उन्हाळ्यात चालतो. ओव्हरसाइज म्हणून विकतात ते बहुतेक २२० ते २४० चे असतात, ते दिवाळीनंतर काढा. काळा रंग सोडायचा नसेल तर सोडू नका, पण पॉलिस्टर मिसळलेला काळा घेऊ नका, अंगाला भट्टी लागते. कुट्टीसाठी जाड डेनिम घेण्यापेक्षा हलकं, आठ-दहा औंसाचं घ्या आणि आत अस्तर लावू नका.

रेक्झिनचं जॅकेट तर घेऊच नका. मे महिन्यात एक पोरगा असलं जॅकेट घेऊन आला होता, काखेतून आणि कॉलरवरून पापुद्रे सुटलेले. वर्षभरापूर्वी, शिकवणीच्या फीमधून वाचवून घेतलेलं. घाम आणि ऊन दोन्ही लागलं की त्याचा वरचा थर असा सुटतोच, आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही. मोटारसायकलसाठी जॅकेट हवंच असेल तर जाळीचं, कोपर-खांद्याला गादी असलेलं रायडिंग जॅकेट घ्या. चामड्याइतकं रुबाबदार ते दिसत नसेल, पण जॅकेटचं मूळ काम उन्हाळ्यात तेच करतं.

पायरी सहावी : शिंप्याकडे जाताना

कपडा एकदा धुऊन, वाळवून मगच आणा. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं आणि दोष आमच्यावर येतो. सोबत तुम्हाला नीट बसणारा एक जुना कपडा आणा. मोबाइलमधल्या फोटोपेक्षा त्याच्यावरून माप जास्त चांगलं निघतं.

ओव्हरसाइज म्हणजे तीन नंबर मोठा टी-शर्ट, हा गैरसमज मी रोज बघते. नंबर वाढवला की गळाही वाढतो आणि खांद्यावरून ओघळतो. खऱ्या ओव्हरसाइजमध्ये गळा तुमच्या मापाचाच असतो, फक्त खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली आणि मुंढा मोठा. मोठा टी-शर्ट आधीच घेऊन बसला असाल तर गळ्याची पट्टी काढून, छोटी करून बसवता येते. मोहरी कमी करताना पहिल्यांदा कापू देऊ नका, धावदोऱ्यानं आत दुमडून आठवडाभर घालून बघा. गाडीवर बसून बघा, मांडी घालून जेवायला बसून बघा. आवडलं तर मग कात्री.

आणि मुलींनो, बाही, गळा, उंची जी सांगायची ती स्पष्ट सांगा. लाजून "तुम्हाला ठीक वाटेल तसं" म्हणालात की शिंपी त्याच्या घरच्या लेकीबाळीच्या मापानं शिवतो.

पायरी सातवी : घर आणि गाव

सगळ्यात अवघड जागा इथं आहे. सुट्टीत बस गावच्या फाट्यावर थांबते, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. आई पहिलं वाक्य बोलते, "हे काय घालायलास रे? कोणाच्या मौतीला जायलास का?" इथं भांडू नका. तिला काळा रंग चालतच नाही असं नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा तीच नेसते. तिला भीती असते ती लेकरू हातातून चाललंय याची. तिला शेजारी बसवून एखादं गाणं ऐकवा, ग्रुपमधल्या मित्रमैत्रिणींचे फोटो दाखवा, त्यांची गावं सांगा. हा परभणीचा, ही वैजापूरची. गाव कळलं की आई निम्मी निवळते.

हळदीला, पूजेला, मौतीला त्या त्या घरचा मान ठेवा. तिथं साधा शर्ट घातला म्हणून तुम्ही खोटे ठरत नाही. तोच ब्रेकडान्सवाला पोरगा आजोबांच्या तेराव्याला पांढऱ्या शर्टात पंगतीत वाढताना मी पाहिलाय, आणि दोन्हीकडे तो मला तोच दिसला.

पायरी आठवी : आपलं काय न्यायचं

कंपूत रुळलात, आता तुमच्याकडून काहीतरी त्यात जाऊ द्या. रॅप करणारा सेलूकडचा एक पोरगा आजोबांचा रुमाल मनगटाला बांधून उभा राहतो. एका पोरीनं डेनिम जॅकेटच्या आतून हिमरूचं अस्तर लावून घेतलं. हिमरू आपल्याच शहराची, सूत आणि रेशमाची वीण. बाहेरून काही दिसत नाही, बाही दुमडली की वेलबुट्टी चमकते. ते जॅकेट शिवताना मला झालेला आनंद मी विसरणार नाही.

पण इथं एक खबरदारी. "जे गावाकडचं, जुनं, तेच आपलं अस्सल" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. गावाकडचा पोशाख सगळ्यांनी आवडीनं निवडलेला नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लुगडं नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून तुमची जात ओळखू येते ती सोडा, घोट्यापर्यंत, इतर बायकांसारखं नेसा, ओळख पटवणारे ते जड दागिने टाका. तो अंगावर लादलेला पोशाख टाकून देणं हाच त्या बायकांचा खरेपणा होता. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्या शहरात मी शिवणकाम करते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे निळे कोट आणि पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग लागतो. एक काका दरवर्षी तोच सूट आणतात, कंबर थोडी सैल करून घेतात आणि जाताना आरशासमोर टाय नीट करतात. त्या सुटाला परका म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा घरून काय न्यायचं आणि काय मागं सोडायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नका.

पायरी नववी : धुणं आणि वाळवणं

ही पायरी सगळे विसरतात. आपल्याकडे बहुतेक घरांत, होस्टेलांत बोअरचं जड पाणी. त्यात साबण नीट निघत नाही आणि काळ्या कपड्यावर पांढुरका थर बसतो. पावडर निम्मी टाका, एक पाणी जास्त काढा. पॅचचा, छापलेला कपडा उलटा करून धुवा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका. चामड्याचं काही असेल तर पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवा आणि महिन्यातून एकदा हवा दाखवा.

आणि काळा टी-शर्ट गच्चीवर उन्हात टाकू नका. आपलं ऊन एका उन्हाळ्यात त्याचा राखाडी करतं. काही पोरं मुद्दाम टाकतात, जुना दिसावा म्हणून. पण उन्हानं उडालेला रंग एका बाजूनं, सपाट उडतो. वापरून उडालेला आधी कॉलरच्या घडीवर, मग खांद्यावर जिथं सॅकचा पट्टा येतो तिथं, आणि पँटच्या उजव्या खिशावर येणाऱ्या भागात, जिथं हात सारखा घासतो तिथं उडतो. माझ्यासारखीला टेबलावर पसरल्या पसरल्या कळतं, आणि कंपूतल्या जुन्या माणसालाही कळतं. उलटा करून, सावलीत, दोरीवर खालच्या कडेनं चिमटे लावून वाळवा.